आईचा सर्च बॉक्स: नेट आहे, पण नेट नाही

(नेहमीप्रमाणे, ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा भाग लिहून टाकतेय. मधले "अं", "म्हणजे" आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं काढलंय, बाकी बोलले तसंच आहे.)



तुमच्यातले निम्मे जण आत्ता लोकलच्या दारात उभे राहून एका कानात इअरफोन घालून हे ऐकताय, मला माहितीये. (आधी आत सरका.) आणि मनात म्हणताय, माझं सगळं आयुष्य मोबाइलवर, कॉम्प्युटरच्या सर्च बॉक्सशी माझं काय देणंघेणं? बरोबर आहे. पण घरी आईकडे, मामाकडे, नाहीतर आजोबांकडे एक डेस्कटॉप असतोच. आणि तो बिघडला की फोन तुम्हालाच येतो. आपण सगळे घरचे फुकटचे आयटी सपोर्ट आहोत. आज त्या नोकरीतली माझी एक चूक सांगणार आहे.

तारीख 23 मे 2024, गुरुवार. डोंबिवलीकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको.

माझी आई डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी भागात एकटी राहते. मी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये कामाला. आईकडे बटणाचा छोटा फोन आहे, स्मार्टफोन तिला नको असतो, "बोट लावलं की पळतो" म्हणते. टीव्हीचं कनेक्शन केव्हाच बंद केलंय, मालिका ती कॉम्प्युटरवरच बघते. आणि तिचं इंटरनेट म्हणजे काय, तर विंडोजच्या खालच्या पट्टीत जो भिंगाचा चौकोन असतो ना, तो. ती त्यात लिहिते, आणि जे येतं त्यावर टिचकी मारते. क्रोम वगैरे तिच्या लेखी वेगळी दुकानं आहेत, तिकडे ती जात नाही.

त्या दिवशी साडेबाराच्या पुढे तिचा फोन आला. "अगं, ते खालचं काही दाखवत नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय आणि म्हणतंय जोडता येत नाही."

मी काय विचारलं असेल? राउटरचे दिवे बघ. बंद करून चालू कर. कॉम्प्युटर रीस्टार्ट कर. तिने बिचारीने सगळं केलं. तेवढ्यात ऑफिसात आरडाओरडा सुरू झाला की बिंग पडलंय. आणि ते खरंच होतं. त्या दिवशी बिंग काही तास कोलमडलं होतं, आशिया आणि युरोपात जास्त. त्याच्यावर टेकू लावून उभी असलेली कोपायलटसारखी मंडळीही बरोबर पडली, डकडकगोही. चॅटजीपीटीचं इंटरनेटवर शोधणंसुद्धा अडलं. मायक्रोसॉफ्टने ते मान्यही केलं.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आईला म्हटलं, "तुझ्याकडे काही बिघाड नाही. लांबचंच बंद आहे. संध्याकाळपर्यंत होईल." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तासाभरात एमआयडीसी फेज दोनमधल्या एका केमिकल कंपनीत स्फोट झाला.

बातम्या तुम्ही बघितल्यात. दहापेक्षा जास्त माणसं गेली, कितीतरी जखमी झाली, लांबलांबपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. आमच्या स्वयंपाकघराची काच फुटली, आई नशिबाने हॉलमध्ये होती. 2016च्या मे महिन्यातला स्फोट तिने ऐकलेला, त्यामुळे काय झालं असेल हे तिला लगेच कळलं. कुठे झालाय, धूर कसला आहे, घरात थांबायचं की बाहेर पडायचं, हे मात्र कळेना. माझा फोन लागत नव्हता. लाइट होती. म्हणून तिने जे तिला येतं ते केलं. खालच्या चौकोनात लिहिलं, "डोंबिवली स्फोट". गोल गोल फिरलं. जोडता येत नाही.

आणि तिने पुढे काही केलं नाही, कारण मीच सांगितलं होतं ना की लांबचंच बंद आहे. नाकाला ओला रुमाल लावून ती बसून राहिली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि तिला आपल्याकडे घेऊन गेल्या.

मी संध्याकाळी पोचले. रात्री बिंग सुरू झाल्याचं वाचलं. आणि शुक्रवारी सकाळी आईने चौकोनात लिहिलं, तर परत तेच. जोडता येत नाही.

आता इथून खरा विषय.

तो चौकोन दिसायला एक आहे, पण आत दोन वेगळी कामं चालतात. एक काम घरातलं: तुमच्या मशीनवरच्या फाइली, फोटो, प्रोग्रॅम यांची एक यादी विंडोज बनवून ठेवतं आणि त्यात शोधतं. याला इंटरनेट लागत नाही. दुसरं काम बाहेरचं: तुम्ही लिहिलेले शब्द बिंगकडे पाठवायचे आणि आलेली उत्तरं दाखवायची. 2015मध्ये विंडोज 10 आलं तेव्हापासून हे असंच आहे. तुम्ही क्रोममध्ये गुगल लावून ठेवलेलं असलं तरी हा चौकोन बिंगकडेच जातो. युरोपात 2024मध्ये नवीन कायद्यामुळे दुसरं सर्च इंजिन जोडायची सोय द्यावी लागली. आपल्याकडे तशी सेटिंग नाही.

म्हणून पहिली चाचणी दहा सेकंदांची. चौकोनात "नोटपॅड" इंग्रजीत लिहा. नोटपॅड आलं म्हणजे घरातलं काम ठीक आहे, बाहेरचं अडलंय. मग ते "इंडेक्स रीबिल्ड करा" वगैरे जे सल्ले मिळतात ना, ते करू नका. ती दुरुस्ती घरातल्या यादीची आहे. मी शुक्रवारी सकाळी ती सुरू केली आणि आईकडचे सगळ्या लग्नामुंजींचे फोटो परत मोजून होईपर्यंत दुपार झाली. उपयोग शून्य.

नोटपॅडसुद्धा येत नसेल, अख्खी खिडकीच कोरी येत असेल, तरी घाई करू नका. 5 फेब्रुवारी 2020ला जगभर विंडोज 10वाल्यांचं नेमकं हेच झालं होतं. बिघाड मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होता, पण चौकोन असा कोरा पडला की लोकांना स्वतःच्या मशीनवरची फाइलही सापडेना. म्हणजे बाहेरच्याने घरातल्यालाही खाली ओढलं. तिकडे दुरुस्ती झाली, काहींना एकदा रीस्टार्ट करावं लागलं. पण त्या काही तासांत एक तोडगा सगळीकडे पसरला: रजिस्ट्रीत "बिंगसर्चएनेबल्ड" नावाची नोंद करून तिची किंमत शून्य ठेवा. चौकोन बिंगकडे जायचाच बंद, त्यामुळे लोकल शोध लगेच चालू. तोडगा बरोबरच होता. पण तो करून विसरून गेलेल्यांच्या मशीनवर इंटरनेटचे निकाल पुढेही आले नाहीत, आणि का येत नाहीत हे त्यांना आठवेना.

दुसरी चाचणी. त्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये बिंग डॉट कॉम उघडा. मग मोबाइलचा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच उघडा. दोन्हीकडे उघडत नसेल तर बिघाड लांबचा, चहा करा. मोबाइल डेटावर उघडतंय पण घरच्या वायफायवर कुठल्याच यंत्रावर नाही, तर राउटर किंवा केबलवाला. घरातल्या बाकी सगळ्यांवर उघडतंय आणि एकट्या त्या कॉम्प्युटरवर नाही, तर प्रॉक्सी, व्हीपीएन, नाहीतर तारीख.

तारीख म्हटलं की कल्याणचा मामा आठवतो. त्याचा जुना डेस्कटॉप रोज सकाळी कित्येक वर्षं मागे जायचा. आतल्या बोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर 2032 नावाचा. मशीन बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. तो संपला की तारीख गेली. आणि हल्ली प्रत्येक वेबसाइट एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. तुमचं मशीन दहा वर्षं मागे असेल तर त्याला ते प्रमाणपत्र "अजून सुरूच न झालेलं" दिसतं आणि ते जोडायला नकार देतं. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं खरं, पण फरक 15 तासांपेक्षा जास्त असेल तर घरगुती मशीन सहसा आपणहून जुळवून घेत नाही. एकदा हाताने तारीख लावायची आणि सेल बदलायचा. मामाने सेल बदलायला सहा महिने लावले, रोज तारीख लावत बसायचा. असो.

आईकडे तारीख ठीक. बिंग क्रोममध्ये टकाटक उघडत होतं. नोटपॅडही येत होतं. फक्त चौकोनाला बाहेर जाता येत नव्हतं. म्हणजे कोणीतरी त्या चौकोनालाच अडवत होतं.

आणि तेव्हा मी तिला तो प्रश्न विचारला, जो गुरुवारी फोनवर पहिलाच विचारायला हवा होता. "आई, हे कधीपासून आहे?"

"झाले की तीन आठवडे. त्या मुलाने फॉरमॅट करून आणून दिलं तेव्हापासून. अधूनमधून चालेल म्हणून बघत होते. तुझ्या मीटिंगा असतात, म्हटलं कशाला."

तीन आठवडे! गुरुवारी बिंग पडलं नसतं तर मी कदाचित अजून खोदलं असतं. ते पडलं, माझ्या हातात आयतं कारण आलं, आणि मी थांबले. दोन बिघाड एकाच वेळी होते, मोठ्याच्या मागे छोटा लपला.

छोटा असा सापडला. स्टार्टमध्ये "डब्ल्यूएफ डॉट एमएससी" (इंग्रजीत) लिहून एंटर केलं की विंडोज फायरवॉलची सविस्तर खिडकी उघडते. डावीकडे "आउटबाउंड रूल्स", म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्यांचे नियम. अडवलेल्या नियमांपुढे लाल गोल आणि त्यात तिरकी रेघ असते, आपल्या "नो पार्किंग"च्या पाटीसारखी. तिथे विंडोज सर्चच्या नावाने एक लाल गोल होता. विंडोज 10मध्ये या प्रोग्रॅमचं नाव सर्चअ‍ॅप असतं, विंडोज 11मध्ये सर्चहोस्ट. नियमावर राइट क्लिक, "डिसेबल रूल". डिलीट नाही, डिसेबल, म्हणजे चुकलं तर परत लावता येतो. रीस्टार्ट केलं. आईने लिहिलं "डोंबिवली स्फोट". आलं सगळं.

दुकानातल्या मुलाला फोन केला. वाईट नव्हता तो. म्हणाला, "ताई, मशीन फास्ट व्हावं म्हणून एक स्क्रिप्ट टाकतो सगळ्यांना. फालतू गोष्टी बंद करते." अशा स्क्रिप्टा बऱ्याच फिरतात. विंडोज काय काय बाहेर पाठवतं यावर त्या लगाम घालतात, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी सर्चचं बिंग बंदच ठेवलंय. मला तिथे फाइली शोधायच्या असतात, बातम्या नाही. पण मी विचारपूर्वक बंद केलंय. आईला कोणी विचारलंच नव्हतं. त्या मुलाला ती फालतू गोष्ट, हिला अख्खं इंटरनेट.

अशा स्क्रिप्टांचा अजून एक प्रताप लक्षात ठेवा. नेट आहे की नाही हे बघायला विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी मजकुराची फाइल मागवतं. तो पत्ता कोणी अडवला तर व्हिडिओ मस्त चालत असतो आणि कोपऱ्यात मात्र "नो इंटरनेट" दिसतं. काही प्रोग्रॅम त्या कोपऱ्यावर विश्वास ठेवतात आणि हात वर करतात. अशा वेळी राउटरवाल्याशी भांडू नका.

आईच्या मशीनवर तेव्हा विंडोज 10 होतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला, तेव्हा आम्ही मशीन बदललं. नवीन आल्या आल्या मी आउटबाउंड रूल्स उघडून लाल गोल मोजले. शिवाय क्रोमचं चिन्ह भिंगाच्या शेजारी पिन केलं आणि आईकडून दहा वेळा उघडून घेतलं: चौकोन अडला की इथे. ते तिला पटलेलं नाही. "दोन दुकानं कशाला," म्हणते. पण मॉनिटरच्या कडेला मी चिकटवलेला कागद तिने राहू दिलाय. त्यावर 112, माझा ऑफिसचा नंबर, आणि वरच्या काकूंचा.

तुमच्या घरचं मशीन अलीकडे बाहेरून फॉरमॅट होऊन आलं असेल तर येत्या रविवारी ते लाल गोल बघून या. काही विचित्र दिसलं तर नियमाच्या नावाचा स्क्रीनशॉट पाठवा, पुढच्या भागात घेऊ.