विषाणू गेला, व्रण राहिला

हिपॅटायटिस सी या यकृताच्या दुखण्यावर आज बहुधा १२ आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरांतले ९५ किंवा त्याहून अधिक रोगी विषाणूमुक्त होतात. ज्या विषाणूची ओळखच १९८९ साली पटली, त्याचा पंचवीस वर्षांत असा पाडाव व्हावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्त तपासतात. ‘विषाणू नाही’ असा कागद हाती पडतो आणि रोगी तो घडी करून ट्रंकेत ठेवतो. श्रोतेहो, तेथून पुढचे आम्हांस सांगावयाचे आहे.

इजिप्तचे उदाहरण घेऊ. नाईलच्या कालव्यांत उभे राहून राबणाऱ्या शेतकऱ्यांना बिल्हार्झिया नावाचा कृमिरोग होई. १९५० नंतर तीसएक वर्षे त्यांना शिरेतून औषध टोचण्याची सरकारी मोहीम चालली. हेतू चांगलाच होता. परंतु सुया नीट न उकळता एकाची दुसऱ्याला टोचली गेली आणि सी विषाणू गावोगाव पोहोचला. (सार्वजनिक कामात नुसता हेतू पुरत नाही, सुई कोण उकळतो तेही पाहावे लागते.) त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सुमारे सात महिन्यांत जवळजवळ ५ कोटी माणसे तपासली व औषध फुकट दिले. ज्या सोफोस्बुविरला अमेरिकेत ८४,००० डॉलर पडत, ते इजिप्तने २०१४ साली ९०० डॉलरांवर आणले होते. पुढे स्वतः बनवून आणखी स्वस्त केले. वाटाघाटींत जन्म घालविलेल्या आम्हां मंडळींनी टोपी काढावी अशीच ही घासाघीस!

मग विषाणू गेल्यावर कर्करोग कसा होतो? हा विषाणू यकृत वर्षानुवर्षे धुमसत ठेवतो. पेशी मरतात, नव्या येतात, त्याही मरतात. या धांदलीत नव्या पेशींच्या घडणीत चुका साठत जातात आणि जागोजाग व्रणाचे कठीण तंतू धरतात. त्याने सारे यकृत गाठाळले की त्यास सिरोसिस म्हणतात. आग विझली तरी करपलेले वासे राहतातच. विषाणू गेल्याने कर्करोगाचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी उतरतो, म्हणून औषध घ्यावेच. परंतु सिरोसिस झालेल्यांत पुढेही दरवर्षी शंभरांत एकदोघांना तो गाठतो. दारू वा मधुमेह जोडीला असेल तर अधिक. ज्यांचे यकृत फारसे जखडलेले नाही, त्यांनी उगाच धास्ती घेऊ नये.

सिरोसिसवाल्यांनी मात्र दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. लहान गाठ दुखत नाही, आणि लहान असते तेव्हाच ती कापून वा जाळून काढता येते.

आपल्याकडे २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन औषध मोफत मिळू लागले. पण ‘बरा झालो’ असे ऐकलेला रोजंदारीचा माणूस वर्षातून दोनदा खाडा करून तपासणीला जाईल कसा? त्या दोन दिवसांची भरपगारी रजा ही आमच्या मते औषधाइतकीच उपचाराची बाब आहे. तोवर एवढे तरी करावे : कागद घेताना सिरोसिस आहे की नाही, आणि असल्यास पुढची सोनोग्राफी कोणत्या महिन्यात, हे डॉक्टरांकडून त्यावरच लिहून घ्यावे.