गाळ पाण्यात तरंगता कसा राहतो?
भरती-ओहोटीच्या खाडीत प्रवाह तळाला घासून जे लहानमोठे, अनियमित भोवरे उठतात त्यांना संक्षोभ म्हणतात; हे भोवरे गाळाचे कण वर उचलतात, कण स्वतःच्या वजनाने खाली बसू पाहतात, आणि या दोहोंच्या परस्परप्रमाणावरून प्रत्येक थरातील गाळ सांगणारे सूत्र हंटर राउझ यांनी १९३७ मध्ये मांडले. ते स्थिर प्रवाहासाठी आहे. भावनगरजवळ, जेथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील फरक १० मीटरच्या आसपास पोहोचतो आणि प्रवाह सुमारे सहा तासांनी उलटतो, तेथे संक्षोभाची ऊर्जा व तिचा ऱ्हास क्षणोक्षणी गणणारी प्रतिमाने लागतात. त्यातही खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे पुंजके होऊन ते लवकर बसतात, तर तळालगतचा दाट गाळ संक्षोभालाच दाबतो; या दोन गोष्टी वगळणाऱ्या प्रतिमानावर बंदरातील गाळउपशाचा अंदाज बांधू नये.