घरगुती धिंगरी अळिंबी लागवड

धिंगरी अळिंबी हे ‘प्लुरोटस’ प्रजातीतील खाद्य कवक आहे. शिंपल्यासारख्या आकारामुळे इंग्रजीत तिला ऑयस्टर मशरूम म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत अन्नटंचाईवर उपाय म्हणून तिच्या लागवडीचे प्रयोग झाले. कमी जागा, अल्प भांडवल आणि शेतातील टाकाऊ काड यांवर येत असल्याने ती घरगुती लागवडीस सोयीची ठरते.

भाजीपाला व अळिंबी यांतील फरक

अळिंबी ही वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसल्याने ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. काडातील सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन करून ती पोषण मिळवते. त्याच काडावर इतर बुरशी आणि जिवाणूही वाढू पाहतात. त्यामुळे परसबागेत माती व ऊन यांना जे महत्त्व आहे, ते अळिंबीच्या लागवडीत स्वच्छतेला आहे.

लागवडीची पद्धत

भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड २ ते ३ इंच लांबीचे तुकडे करून ८ ते १२ तास पाण्यात भिजवतात. नंतर ते सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवतात. यामुळे स्पर्धक बुरशींचे प्रमाण कमी होते. काड निथळून थंड झाल्यावर मुठीत दाबून पाहतात. तळहात ओलसर व्हावा, पण पाणी ठिबकू नये.

प्रयोगशाळेत धान्याच्या दाण्यांवर वाढवलेल्या कवकास स्पॉन (बियाणे) म्हणतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत काड व स्पॉन यांचे थर देतात. स्पॉनचे प्रमाण ओल्या काडाच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. पिशवीस छिद्रे पाडून ती अंधाऱ्या खोलीत ठेवतात. १५ ते २० दिवसांत काडावर पांढरी बुरशी पसरते. मग पिशवी कापून काढतात आणि बेडवर दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याची हलकी फवारणी करतात. या अवस्थेत खेळती हवा, मंद प्रकाश आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता आवश्यक असते. बहुतेक जातींना २० ते ३० अंश तापमान मानवते. त्यामुळे महाराष्ट्रात पावसाळा व हिवाळा हे हंगाम अनुकूल असतात. उन्हाळ्यात भिंतींना ओली गोणपाटे लावून गारवा राखावा लागतो.

काढणी व उत्पादन

टोपीच्या कडा वर वळण्यापूर्वी अळिंबी देठाशी पिळून काढतात. उशीर झाल्यास तिच्यातून सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळे काहींना खोकला किंवा ॲलर्जी होते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने सामान्यतः तीन बहर मिळतात. एक किलो कोरड्या काडापासून साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी मिळते. तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असल्याने ती लवकर खराब होते. मात्र, वाळवून हवाबंद डब्यात ठेवल्यास ती पुष्कळ दिवस टिकते.

दक्षता

बेडवर हिरवी किंवा काळी बुरशी दिसल्यास तो बेड तत्काळ वेगळा करतात. पावसाळ्यात आपोआप उगवणारी ‘कुत्र्याची छत्री’ मात्र घरच्या अळिंबीसारखी समजून खाऊ नये. काही विषारी भूछत्रांचे विष शिजवल्यानेही नष्ट होत नाही आणि लक्षणे सहा तासांहून अधिक काळाने दिसू लागतात. तोपर्यंत यकृतास इजा होऊ लागलेली असते. विषारी भूछत्राने चांदी काळी पडते किंवा कीड लागलेले भूछत्र निर्धोक असते, हे समज निराधार आहेत. खात्रीच्या प्रयोगशाळेतील स्पॉन वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

संशोधन व पुनर्वापर

हिमाचल प्रदेशातील सोलन येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अळिंबी संशोधन संचालनालय आहे. महाराष्ट्रात पुणे येथील कृषी महाविद्यालयात अळिंबीवर संशोधन चालते.

उत्पादन संपल्यावर उरलेले काड शेणात मिसळून कुजवल्यास त्याचे खत होते. ते कुंडीतील मेथी, कोथिंबीर, मिरची यांसारख्या भाज्यांना देता येते. अशा रीतीने अळिंबी आणि परसबाग ही एकमेकांस पूरक ठरतात.