वाट नसलेल्या पडीक जमिनीची किंमत कशी ठरवावी

भावाभावांच्या वाटणींत एकास रस्त्याकडचा तुकडा येतो व दुसऱ्यास आंतील. क्षेत्र सारखें, आकार सारखा, म्हणून दोहोंची किंमतहि सारखी धरली जाते व कागदावर सह्या होतात. पुढें थोरल्याच्या मुलांनीं बांध घातला कीं धाकट्याची गाडी रस्त्यावरच उभी राहते. त्याची जमीन पडीक पडते. विकावयास काढली तर गिऱ्हाईक येतें, पाहतें आणि पुन्हा फिरकत नाहीं. सारा नुकसानीचा व्यवहार किंमत ठरवितांनाच झालेला असतो, पण तो उघडकीस येण्यास दहा वर्षें लागतात.

अशा वेळीं पुष्कळ लोक सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्याचा आधार घेतात. ते तक्ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठीं केलेले आहेत. आपल्या आंतील तुकड्यास वाट आहे कीं नाहीं, ही चौकशी कोणीं जागेवर जाऊन त्यांत केलेली नसते. म्हणून तो आंकडा पाहावा, परंतु त्यावरच विसंबूं नये.

किंमत करणारानें मातीच्या आधीं वाट पाहावी. प्रथम गांवनकाशा घ्यावा. त्यांत गाडीवाट तुटक दुहेरी रेघेनें व पायवाट तुटक एकेरी रेघेनें दाखविलेली असते. नंतर सात-बाराचें इतर हक्काचें सदर, जुने फेरफार, वाटणीपत्र व खरेदीखतांतील चतुःसीमा तपासाव्या. माझा जन्म महसुली दप्तरांत गेला. त्यावरून सांगतों कीं, वाटेचा उल्लेख पुष्कळदां आपल्या खतांत नसून शेजाऱ्याच्या खतांत असतो, व तो पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. एवढें झाल्यावर पायांनीं जाऊन पाहावें, आणि शक्य तर पावसाळ्यांतच. वैशाखांत जेथून ट्रॅक्टर जातो तेथून श्रावणांत बैलहि जात नाहीं.

वाट वापरांत असणें निराळें व वाटेचा हक्क असणें निराळें. शेजाऱ्यानें सलोख्यानें जाऊं दिलें असेल तर ती परवानगी होय. त्याचें मन फिरलें कीं ती संपली. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें 20 वर्षें उघडपणें, शांततेनें, अखंड व हक्क म्हणून वहिवाट असेल तर तो हक्क मिळतो. त्याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणें, एकाच मालकाच्या जमिनीचे विक्रीनें किंवा वाटणीनें तुकडे झाले व एकास दुसऱ्यांतून गेल्यावांचून गत्यंतर नसलें, तर निकडीचा हक्क उत्पन्न होतो. निकड सरली म्हणजे तोहि सरतो. वर सांगितलेल्या धाकट्या भावास हाच आधार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 143 खालीं तहसीलदारास दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय करितां येतो. मात्र ती वाट बांधावरची, शेताच्या मधून नव्हे. त्या निर्णयाविरुद्ध एक वर्षाचे आंत दिवाणी दावा होऊं शकतो, ही गोष्टहि किंमतींत धरली पाहिजे. चालू वाट कोणीं अडविली असेल तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याचा मार्ग आहे, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांचे आंत अर्ज हवा.

हक्क शाबीत असेल तर थोडीच वजावट पुरे. तो नसेल तर हिशेब पुढीलप्रमाणें मांडावा. समजा, 80 आर पडीक जमीन आहे व रस्त्यालगतच्या तशाच जमिनीचा भाव दर आरास 20,000 रुपये आहे. म्हणजे वाट असती तर किंमत 16,00,000 रुपये. वाटेसाठीं 250 मीटर लांब व 3 मीटर रुंद पट्टी, म्हणजे 7.5 आर, विकत घ्यावी लागेल. शेजारी अडलेल्यास भावानें देणार नाहीं. दर आरास 30,000 धरले तर 2,25,000 रुपये झाले. मुरूम, नळ्या व मजुरी 1,50,000. मोजणी व दस्ताचा खर्च 40,000. एकूण 4,15,000 वजा जातां 11,85,000 राहिले. हें सर्व जुळून येण्यास दोन वर्षें लागतील असें धरून दरसाल शेंकडा 12 प्रमाणें आजची किंमत काढली तर ती सुमारें 9,45,000 रुपये येते. आंकडे नमुन्याचे आहेत. जेथील तेथील धरावे. पट्टी घेतांना 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो, यास्तव तहसील कचेरींत आधीं विचारावें. आणि शेजारी मुळींच कबूल नसेल व हक्कहि नसेल, तर हा हिशेब लागू नाहीं. मग गिऱ्हाईक म्हणजे चतुःसीमेवरचे चारच खातेदार. त्यांपैकीं एखादा गरजेपोटीं जास्त देईल, दुसरा अडवून निम्मेंहि देणार नाहीं. यांपैकीं कोणतीहि रक्कम बाजारभाव म्हणून लिहूं नये. लिहिलीच तर ती कोणाची व कां, हें सांगून लिहावी.

कंपनी कायद्याखालील नोंदणीकृत मूल्यमापकांसाठीं 2017 सालीं नियम झाले. आपल्या प्रत्येक कामास ते लागू होत नाहींत, तथापि मापदंड म्हणून उत्तम आहेत. अहवालांत मूल्यमापनाचें प्रयोजन, कोणत्या तारखेची किंमत, कोणती पाहणी केली, माहिती कोठून मिळाली, मूल्यमापकाचा स्वतःचा कांहीं संबंध आहे काय व मर्यादा कोणत्या, हें सर्व लिहावें लागतें. ठराविक किंमत लिहून देण्याच्या अटीवर मेहनताना घेण्यास सक्त मनाई आहे. आपल्या विषयापुरतें यांत एक वाक्य अवश्य मागून घ्यावें : किंमत वाट आहे असें धरून केली, कीं आज आहे त्या स्थितींत केली. दोन्ही रकमा वेगवेगळ्या मांडून घेतल्यास अधिक बरें. या नियमांप्रमाणें मूल्यमापकानें कामाचे कागद निदान 3 वर्षें जपावयाचे असतात. वाटणीचे तंटे त्याहून फार लांबतात. म्हणून अहवालाची व वाटेच्या नकाशाची सहीची प्रत खातेदारानें आपल्याच पेटींत ठेवावी.