टूल लेंग्थ ऑफसेट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीएनसी मिलिंग मशीनच्या ऑफसेट पानावर एच०१, एच०२ असे लिहिलेले आकडे म्हणजे त्या-त्या टूलची लांबी, हा या विषयातला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. आकड्याचा अर्थ तो कुठून कुठे मोजला यावर ठरतो.

समजा, फेस मिल होमवरून खाली आणून जॉबच्या माथ्याला टेकवला आणि मशीनवर झेड -३१२.४५० दिसले. टच-ऑफ पद्धतीत हाच आकडा ऑफसेटमध्ये जातो आणि जी५४ चा, म्हणजे वर्क ऑफसेटचा, झेड शून्य राहतो. हाच कटर प्रीसेटरवर मोजला, तर स्पिंडलच्या गेज लाइनपासून टोकापर्यंत १२०.३५० मिळतात. आता ऑफसेट धन असतो आणि होमला असलेल्या गेज लाइनपासून जॉबपर्यंतचे पूर्ण अंतर, -४३२.८००, जी५४ मध्ये भरावे लागते. बेरीज दोन्हीकडे तीच. दोन्ही पद्धती बरोबर आहेत; एका पद्धतीचा ऑफसेट आणि दुसरीचा जी५४ एकत्र आले की घात होतो.

टूल बदलले की कंट्रोलर त्याचा ऑफसेट आपोआप घेतो, हेही बहुतेक फानुक धाटणीच्या कंट्रोलरवर खरे नाही. टी०६ एम०६ ने टूल स्पिंडलमध्ये येते. लांबीची भरपाई जी४३ एच०६ लिहिल्यावरच लागू होते. सहाव्या जागी फेस मिलपेक्षा ५५ मिलीमीटर लांब ड्रिल आहे आणि प्रोग्रॅममध्ये चुकून फेस मिलचा एच०५ राहिला, असे धरू. झेड ५० ला म्हणजे जॉबच्या बरेच वर थांबायला हवे होते, ते ड्रिल रॅपिड वेगाने ५ मिलीमीटर जॉबमध्ये घुसेल. म्हणून टूल क्रमांक आणि एच क्रमांक एकच ठेवण्याची शिस्त मोलाची आहे.

सिम्युलेशनमध्ये प्रोग्रॅम निर्धोक चालला म्हणजे मशीनवरही चालेल, ही समजूत क्लासमधून येते. जिथे संगणकावर कॅड-कॅम शिकवले जाते, तिथे पडद्यावरच्या टूलची लांबी सॉफ्टवेअरला आधीच ठाऊक असते. ड्रिल होल्डरमधून प्रत्यक्षात किती बाहेर आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. पडद्यावर शिकलेल्याने मशीनसमोर उभे राहून एकदा तरी टूल स्वतः टेकवून पाहणे अगत्याचे आहे.

टच-ऑफ करताना टूलखाली धरलेला कागद नगण्य मानतात. साधा कागद सुमारे ०.१ मिलीमीटर जाड असतो. सगळी टूल्स त्याच कागदावर लावली, तर त्यांच्या आपसांतल्या खोल्या बिघडत नाहीत; पण त्या सेटिंगमध्ये न कापलेल्या पृष्ठापासून माप धरले की ०.१ चा फरक उघडा पडतो. त्यामुळे कागदाची जाडी हिशोबात धरावी. ५० मिलीमीटरचा टूल सेटर वापरला तर त्याची उंचीही वजा करायची असते, आणि ती विसरली तर टूल हवेतच फिरते.

जॉब बदलला की सगळ्या टूल्सचे ऑफसेट पुन्हा घ्यावे लागतात, असे मानून अर्धा तास वाया घालवण्याचे कारण नाही. नव्या जॉबचा माथा १२ मिलीमीटर वर असेल, तर जी५४ चा झेड तेवढा वाढवला की पुरते. उलट कोलेट सैल करून एंडमिल पुन्हा पकडला, ड्रिलला धार लावली किंवा इन्सर्ट बदलला, तर त्या टूलचा जुना आकडा विश्वासाचा राहत नाही.

शेवटचा घोळ वेअर ऑफसेटच्या, म्हणजे मूळ ऑफसेटवरच्या बारीक दुरुस्तीच्या, चिन्हाचा. पॉकेट १०.०० हवा होता आणि ९.९६ भरला, तर टूल आणखी खाली जायला हवे, म्हणून वेअरमध्ये -०.०४ भरायचे. मूळ ऑफसेट ऋण असो वा धन, जी४३ त्यात वेअर मिळवूनच घेतो. त्यामुळे खोली वाढवायची तर दोन्ही पद्धतींत वजाच करायचे.