डोहातला कुणीतरी

जपानच्या उत्तर भागात, इवाते प्रांतात, तोनो नावाचं गाव आहे. तिथल्या जोकेन्जी देवळामागून एक ओढा वाहतो. त्याच्या एका वळणाला काप्पाबुची म्हणतात, म्हणजे काप्पाचा डोह. काठावर बांबूची काठी रोवलेली असते आणि दोरीला काकडी लोंबत असते. गावच्या पर्यटन संस्थेकडे थोडे पैसे भरले की काप्पा पकडायचा रीतसर परवाना मिळतो. अटी मात्र कडक आहेत. जिवंत पकडायचा, इजा करायची नाही, धातूचा गळ वापरायचा नाही, आमिष ताज्या भाजीचं हवं आणि त्याच्या डोक्यावरचं पाणी सांडता कामा नये.

डोक्यावरचं पाणी ही त्याची खरी दुखरी जागा. काप्पा दहाएक वर्षांच्या पोराएवढा असतो. पाठीवर कासवाचं कवच, तोंडाला चोच, बोटांमध्ये पडदे आणि टाळूवर बशीसारखा खळगा. त्या खळग्यात पाणी आहे तोवर तो घोड्यालाही ओढून नेतो. समोर आलाच तर एकच उपाय सांगतात: कमरेत वाकून नमस्कार करायचा. काप्पा जपानी आहे, तोही वाकतो, पाणी सांडतं आणि तो लुळा पडतो. शिष्टाचारापायी जीव धोक्यात घालणारा राक्षस दुसऱ्या कुठल्या देशात निपजला असता असं मला वाटत नाही. काकडी त्याला इतकी प्रिय, की काकडी घातलेल्या सुशीला ‘काप्पामाकी’च म्हणतात.

इथवर सगळं गमतीचं आहे. पण काप्पा माणसाचं करतो काय, हे विचारलं की गंमत संपते. तो बुडणाऱ्याच्या गुदद्वारातून ‘शिरिकोदामा’ नावाचा गोळा उपसून काढतो. असा गोळा शरीरात नसतो. मग ही कल्पना आली कुठून? त्याचा उलगडा असा दिला जातो, की पाण्यातून काढलेल्या प्रेताचे स्नायू सैल पडलेले असतात, गुदद्वार उघडं राहतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, इथून काहीतरी ओढून काढलंय. म्हणजे आधी प्रेत सापडलं, आणि प्रेतावरून मारेकऱ्याचं चित्र रेखाटलं गेलं.

ही किल्ली एकदा हाती आली, की जगातले बरेच पाणराक्षस तिने उघडतात. मेक्सिकोत ॲझ्टेक लोकांचा अवित्सोत्ल होता. लहानशा कुत्र्याएवढा, बुळबुळीत काळा, आणि शेपटीच्या टोकाला माणसाचा हात. काठाशी आलेल्याला तो त्या हाताने धरून तळाशी नेई. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मगुरूने तिथल्या जाणत्या माणसांना विचारून जे टिपून ठेवलं, त्यात पुढचं वर्णन आहे. काही दिवसांनी प्रेत वर येतं, अंगावर जखम नसते, पण डोळे, दात आणि नखं नसतात. पाण्यातले जीव आधी डोळ्यांसारखा मऊ भाग खातात आणि फार वेळ भिजलेल्या हाताची कातडी नखांसकट सुटते, हे आजचा न्यायवैद्यक डॉक्टरही सांगेल. अवित्सोत्ल म्हणजे ॲझ्टेकांचा पंचनामाच. त्या प्रेताला पुरोहितांखेरीज कुणी हात लावायचा नाही, असाही दंडक होता. बुडालेला माणूस पर्जन्यदेव त्लालोकने बोलावून नेलेला मानत. स्कॉटलंडच्या डोंगरी सरोवरातला जलघोडा यकृत सोडून सगळा माणूस खातो आणि सकाळी काठाला ते यकृत तेवढं लागतं.

राक्षसाचं मूळ प्रेतात नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर असतं. इंग्लंडच्या लँकेशर भागात जेनी ग्रीनटीथ नावाची हिरव्या दातांची म्हातारी तळ्यात राहते आणि काठाच्या पोरांना आत ओढते. पण त्याच भागात पाण्यावर पसरणाऱ्या बारीक हिरव्या पानांच्या शेवाळासारख्या वनस्पतीलाही लोक जेनी ग्रीनटीथच म्हणत. त्या हिरव्या थराखाली पाणी आहे हे लहान मुलाला कळत नाही. त्याला ते गवत वाटतं, ते पाऊल टाकतं आणि थर पुन्हा वरून मिटतो. पोराला ‘त्या हिरवळीवर जाऊ नकोस’ म्हटलं तर ते जाणारच. त्या हिरवळीला दात आहेत म्हटलं तर ते लांबूनच जातं. इंग्लंडच्याच टीज नदीवर पेग पाऊलर नावाची अशीच एक बाई होती आणि नदीला येणारा फेस म्हणजे तिच्या धुण्याचा साबण. टीजच्या वरच्या भागात डोंगरावर पाऊस झाला की लोंढा अचानक येतो, हे ध्यानात घेतलं की फेसाकडे बघायची सवय लावणारी बाई कुणी रचली ते कळतं. आणि डेव्हन परगण्यातली डार्ट नदी दरसाल एक माणूस घेते, असं तिथे म्हणतात. आपल्याकडे कोकणातल्या कोंडांविषयी, घाटावरच्या डोहांविषयी अगदी हेच वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा.

आपल्याकडच्या पाण्यात राहतो तो गिऱ्हा. बुडून मेलेल्याचं किंवा मारून पाण्यात टाकलेल्याचं भूत. रात्री नदी उतरणाऱ्याला तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, उतार इकडे आहे म्हणतो आणि खोल पाण्याकडे नेतो. त्याची नोंद जिथे सापडते त्या पुस्तकाची कथा गिऱ्ह्याहून चमत्कारिक आहे. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून एका इंग्रज अधिकाऱ्याने लोकसमजुती गोळा केल्या होत्या. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, झोटिंग, जाखीण, हडळ अशी कोकणच्या भुतांची सगळी पंगत त्यात बसली आहे. हा अधिकारी म्हणजे नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या, तोच. त्याच्या मागे राहिलेले कागद एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने लावून काढले आणि कोकणचा भाग १९१५ साली छापला. शाळेत आपण जॅक्सनचं एकच काम शिकलो: मरण्याचं. गिऱ्ह्याच्या वाटेवर तो पुन्हा भेटेल असं मला वाटलं नव्हतं.

गिऱ्ह्यालाही काप्पासारखी दुखरी जागा आहे. त्याच्या डोक्याचा एक केस ज्याच्या हाती लागला, त्याचा तो गडी होतो. मग तो नांगरतो, पाणी भरतो, मासे आणून देतो आणि रोज रात्री केस परत मागतो. स्कॉटलंडच्या केल्पी या जलघोड्याचं अगदी तसंच. नदीकाठी देखणा घोडा उभा असतो, पोरं पाठीवर चढतात तशी पाठ लांबत जाते, हात कातडीला चिकटतात आणि घोडा पाण्यात शिरतो. एका पोराने चिकटलेलं बोट कापून जीव वाचवला, अशी कथा आहे. पण ज्याने केल्पीचा लगाम मिळवला तो त्याच्याकडून वाटेल ते काम करून घेतो. मॉर्फीच्या सरदाराने म्हणे वाड्याचे दगड त्याच्याकडून ओढून घेतले. आणि काप्पा? घोडा ओढताना पकडला गेला, की तो माफीनामा लिहून देतो, तुटलेला हात परत मिळावा म्हणून हाडं सांधायची विद्या शिकवतो. एइइचिरो इशिदा या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने १९४८ साली ‘काप्पा घोडे का ओढतो’ एवढ्या एका प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि घोडा, बैल व जलदेवता यांचं नातं जपानपासून युरोपपर्यंत शोधत नेलं. मला त्यात दिसतं ते वेगळं. वाघाशी असा करार कुणी करत नाही. पाणी मारतं आणि पाणीच पिकवतं, म्हणून पाण्यातल्या राक्षसाला मारून चालत नाही, त्याला कामाला लावावं लागतं.

ऑस्ट्रेलियाच्या बनयिपची गोष्ट उलट्या वाटेने गेली. तिथल्या मूळ रहिवाशांनी पाणथळीतल्या या प्राण्याबद्दल सांगितलं आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनी ते प्राणिशास्त्र म्हणून घेतलं. १८४६ साली मरम्बिजी नदीकाठी एक विचित्र कवटी मिळाली, ती सिडनीच्या संग्रहालयात मांडली, बघायला गर्दी लोटली. जाणकारांनी ती व्यंग असलेल्या शिंगराची किंवा वासराची ठरवली. भुताला कवटी मागणं हा साहेबी कारभार.

तोनोकडे परत जायला हवं, कारण काकडीच्या दोरीवर ती कथा संपत नाही. लोककथांचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी तोनोच्या एका तरुणाकडून ऐकलेल्या ११९ हकिकती १९१० साली पुस्तकरूपात छापल्या. त्यातली एक फार थोडक्यात सांगितली आहे. नदीकाठच्या एका घरातल्या बाईला काप्पापासून मूल झालं. हातांच्या बोटांत पडदे होते. त्याचे तुकडे करून, लहान पिंपांत भरून, पुरून टाकलं. दुष्काळात खाणारी तोंडं कमी करण्यासाठी तान्ह्या मुलांना मारणं या भागाने पाहिलेलं होतं, आणि काही अभ्यासक काप्पाच्या कथांमागे ती मुलं पाहतात. ही हकिकत वाचल्यावर टाळूवर पाणी घेऊन फिरणारं, दहा वर्षांच्या पोराएवढं ते ध्यान पूर्वीइतकं गमतीचं राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यातला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. जपानात तळ्याकाठच्या धोक्याच्या पाट्यांवर अजून काप्पा काढतात, पोरांना अक्षरं येण्याआधी चित्र कळतं म्हणून. माझ्या आजोळच्या डोहाकाठी शेंदूर लावलेल्या साती आसरा आहेत. हिरव्या बांगड्या, खण, सुकलेली फुलं. आजी तिथून जाताना आवाज खाली आणायची, आम्हीही आणायचो, आणि पाण्यात उतरायचं ते मामा बरोबर असला तरच. गेल्या उन्हाळ्यात तिथे गेलो तेव्हा आसरांच्या शेजारी सरकारी फलक दिसला. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, ‘पाणी खोल आहे, पोहण्यास सक्त मनाई’. पूर्ण वाचता आला नाही. फलकावर पोरांचे चार शर्ट टाकलेले होते.