घरगुती दुरुस्तीनंतर ट्रॅक्टरचे इंजिन अडखळू लागल्यास

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वापसा आला, की पेरणीसाठी हाती येणारे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला, तर हानी केवळ यंत्राची होत नाही. पेरणीची वेळ टळते, आणि ती भरून काढता येत नाही. म्हणून पुष्कळ शेतकरी डिझेल फिल्टर बदलणे, टॅपेट लावणे, नोझल काढून साफ करविणे ही कामे हंगामापूर्वी घरीच उरकून घेतात. ही तत्परता स्तुत्य होय. परंतु अशा दुरुस्तीनंतर इंजिन सुरू होते खरे, मात्र ते थरथरते, मधूनमधून ठोका चुकवते आणि ओढीच्या कामात दम सोडते, असा अनुभव अनेकदा येतो. कारागीर यालाच ‘इंजिन मिसिंग करते’ असे म्हणतात. मग घाईघाईने आणखी चार भाग खोलले जातात आणि मूळचा किरकोळ दोष सापडणेही कठीण होऊन बसते. वास्तविक अशा प्रसंगी एकच नियम ध्यानी ठेवावा: ज्या भागास शेवटी हात लागला, त्याचीच तपासणी प्रथम करावी.

ठोका चुकतो म्हणजे काय?

डिझेल इंजिनात ठिणगीची योजना नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या या इंजिनाचे तत्त्व असे, की सिलिंडरमधील हवा दाबून अतिशय तापवावी आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडताच ते आपोआप पेटावे. यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे. डिझेल नेमक्या वेळी आले पाहिजे. आणि ते धारेने न येता बारीक फवाऱ्याच्या रूपाने आले पाहिजे. यांपैकी एक गोष्ट एका सिलिंडरमध्ये बिघडली, की तो सिलिंडर आपला वाटा उचलीत नाही आणि इतरांवर ओझे टाकतो.

सायलेन्सरमधून येणारा धूरही काही सांगत असतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे असे समजावे. काळा धूर हवेच्या मानाने डिझेल अधिक झाल्याचे, तर निळसर धूर इंजिनऑइल जळत असल्याचे लक्षण होय.

फिल्टर बदलल्यानंतर

फिल्टर बदलताना नळ्यांमध्ये हवा शिरते. डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून पंपाचा जोर बुडबुड्यातच जिरतो आणि नोझल उघडत नाही. इंजिन मिनिटभर चालून वरखाली होऊ लागले किंवा बंद पडले, तर प्रथम हाच संशय घ्यावा.

हवा काढण्याचा क्रम टाकीपासून पंपाकडे असा ठेवावा. टाकीत पुरेसे डिझेल असल्याची व तिचा कॉक उघडा असल्याची खात्री करावी. पहिल्या फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हाताने चालवावयाचा दांडा चालवीत राहावे. फेसाळ डिझेल जाऊन बुडबुड्याविना अखंड धार लागली, की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर दुसरा फिल्टर, आणि शेवटी फ्युएल पंपावरील स्क्रू याच रीतीने घ्यावा.

पुष्कळ वेळ दांडा चालवूनही बुडबुडे थांबत नसतील, तर हवा कोठून तरी आत ओढली जात आहे असे समजावे. येथे एक गोष्ट अनेकांस चकविते. टाकी आणि फीड पंप यांच्यामधील सैल जोडातून डिझेल बाहेर गळेलच असे नाही. इंजिन चालू असता त्या भागात ओढ असल्याने तो जोड हवा आत घेतो आणि बाहेरून कोरडाच दिसतो. म्हणून ओल दिसत नाही एवढ्यावरून जोड निर्दोष मानू नये. फिल्टरची जुनी रबरी कडी आत चिकटून तिच्यावर नवी बसली आहे काय, आणि तांब्याचे जुने वॉशर पुन्हा वापरले आहेत काय, हेही पाहावे.

टॅपेट लावल्यानंतर

टॅपेटचे अंतर फार कमी राहिले, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाबलेली हवा निसटते. अशा इंजिनाचे लक्षण असे, की ते थंड असता बरे चालते आणि तापल्यावर अडखळू लागते. अंतर फार अधिक राहिले, तर टकटक आवाज येतो. नेमके अंतर इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते थंड इंजिनावर घ्यावयाचे की गरम, हेही तेथेच पाहावे. ज्या सिलिंडरचे अंतर घ्यावयाचे, त्याचा पिस्टन दाबाच्या फेरीत सर्वांत वर असला पाहिजे. आणखी एक चूक नित्य घडते: चेकनट आवळताना खालचा स्क्रूही थोडा फिरतो. म्हणून नट आवळल्यावर फीलर गेजची पाती पुन्हा घालून पाहावी.

नोझल काढल्यानंतर

नोझलखालील तांब्याचे जुने वॉशर भोकातच राहून त्यावर नवे बसले, तर नोझल उंच राहते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. दोन्ही नट सारखे न आवळल्यास नोझल तिरपे बसून बाजूने वाफ निसटते व तेथे काजळी धरते. नळ्या खूण न करता काढल्या असतील, तर त्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे पाहावे. तसे झाल्यास डिझेल भलत्याच वेळी सिलिंडरमध्ये येते.

दोषी सिलिंडर कसा ओळखावा?

इंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट पान्याने किंचित सैल करावा व लगेच आवळावा. सैल करताच इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष तेथेच आहे. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचे नोझल नव्या वॉशरसह शेजारच्या सिलिंडरवर बसवावे आणि शेजारचे येथे आणावे. दोष नोझलबरोबर गेला, तर नोझल दुरुस्तीस द्यावे. दोष जागीच राहिला, तर डिझेलची नळी व टॅपेट पाहावे, आणि तेही ठीक असल्यास दाब का निसटतो, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे.

ही चाचणी केवळ जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनावरच करावी. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे कडक नियम लागू झाले. अशा अनेक ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धत असून तिचा दाब अतिशय मोठा असतो. तिच्या नळ्यांना चालू इंजिनावर कदापि हात लावू नये.

जुन्या नोझलचा फवाराही हातावर घेऊन पाहू नये. तो कातडी भेदून डिझेल आत घुसवितो. जखम टाचणीएवढी दिसली व दुखत नसली, तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे. उपेक्षा केल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. चाचणीच्या वेळी सैल कपडे व उपरणे पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावे आणि सांडलेले डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडू देऊ नये.

कोठे थांबावे?

फ्युएल पंपाचे सील तोडणे किंवा त्याचा टायमिंग हलविणे हे घरचे काम नव्हे. त्यासाठी चाचणीयंत्र असलेली कार्यशाळाच हवी. तसेच ‘पेरणी उरकू, मग पाहू’ म्हणून अडखळते इंजिन तसेच चालवू नये. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन काढते व खाली उतरून ऑइल पातळ करते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्यास डिझेलचा वास आला, तर इंजिन तत्काळ थांबवून कारण दूर करावे व ऑइल बदलावे. वॉशरच्या दोषापायी लायनर व पिस्टन गमावणे शहाणपणाचे नव्हे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबत एक सवय गावात रुजवावी. प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने लहानशी वही ठेवून कोणत्या दिवशी कोणता भाग काढला, हे तिच्यात लिहावे. एका वेळी एकच काम करावे, इंजिन चालवून पाहावे आणि मगच दुसऱ्यास हात घालावा. ज्यांस अधिक शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. हंगामापूर्वी निदान पंधरा दिवस दुरुस्ती उरकून ट्रॅक्टर एक दिवस ओढीच्या कामास जुंपून पाहावा, म्हणजे राहिलेला दोष पेरणीच्या दिवशी नव्हे, तर सवडीच्या दिवशी उघडा पडेल.